कुडाळ ते मोन्ताल्चीनो : आंबा-काजूच्या उत्पन्नावर काढलेला व्हिसा आणि वाइनच्या डोंगरावरचे दिवस

इटलीच्या तोस्काना प्रांतात मोन्ताल्चीनो नावाचं तटबंदीचं गाव आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ५६५ मीटर उंच. त्याच्या चारी बाजूंच्या उतारांवर जी द्राक्षं पिकतात त्यांची ‘ब्रुनेल्लो दी मोन्ताल्चीनो’ ही वाइन होते. आम्ही दोघं कुडाळहून तिथं जाऊन आलो. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना असं काही करायचं असतं, पण व्हिसाच्या कागदांपाशी गाडी अडते. नोकरदार माणूस पगारपत्रकं आणि रजेचं पत्र जोडतो आणि मोकळा होतो. ज्याचं उत्पन्न आंब्याच्या कलमांवर आणि काजूवर आहे त्याने काय जोडायचं, हे कुणी नीट सांगत नाही. म्हणून आधी तेच सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी महिना ठरवावा लागतो. मे महिना तिकडे सुरेख असतो, पण तेव्हा इथं पेट्या भरायच्या असतात. ऑगस्टच्या मध्यावर इटली सुट्टीवर असते, १५ ऑगस्टच्या आसपास कित्येक इस्टेटी (द्राक्षमळे आणि तिथंच वाइन करण्याची ठिकाणं) बंद असतात. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात द्राक्षतोडणी ऐन भरात असते, आणि छोट्या इस्टेटींत दाखवायला माणूस मोकळा नसतो. आम्ही दसऱ्यानंतरचा ऑक्टोबर धरला. तोडणी उरकलेली असते, टाक्यांत रस आंबत असतो आणि माणसांना बोलायला सवड असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मात्र गावात ‘साग्रा देल तोर्दो’ हा उत्सव असतो, गावाच्या चार आळ्यांची तिरंदाजी लागते. उत्सव बघायचा असेल तर खोली फार आधी घ्या, नाहीतर तो आठवडा टाळा.

शेंगेन व्हिसाचा (इटलीसकट युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. आम्ही ऑगस्टमध्ये केला, आणि बागायतदाराला याच महिन्याचा फायदा आहे. बँकेचा सहा महिन्यांचा उतारा आम्ही जोडला. ऑगस्टमध्ये काढलेल्या उताऱ्यात फेब्रुवारीपासूनचा अख्खा हंगाम येतो. काजू बीचे पैसे, आंब्याचे पैसे, वाशीच्या दलालाकडून जून-जुलैपर्यंत येणारी पट्टी (विक्रीचा हिशेब) आणि तिचे पैसे, सगळं त्यात दिसतं. हाच अर्ज फेब्रुवारीत केला तर उताऱ्यात पावसाळ्यापासूनचा नुसता खर्च दिसेल, आणि खात्यात पैसे असूनही ते आले कुठून हे कळणार नाही.

तरीही एकदम आलेली मोठी रक्कम बघणाऱ्याच्या डोळ्यात खुपतेच. व्हिसासाठी कुणाकडून उसने घेऊन खात्यात भरले की काय, असा त्यांचा पहिला संशय असतो. त्यावर उपाय म्हणजे अर्जासोबतच्या पत्रात एक छोटा तक्ता द्यायचा : तारीख, रक्कम, कशाचे पैसे, कोणत्या पावतीवरून. पट्ट्यांच्या प्रती त्याच क्रमाने मागे लावायच्या. काजू बी गावातल्या व्यापाऱ्याला रोखीने दिली असेल तर त्याची सही-शिक्क्याची पावती घ्या आणि ती रक्कम त्याच आठवड्यात बँकेत भरा. घरात चार महिने ठेवून जुलैत भरलेल्या रोख रकमेचा मेळ नंतर लावता येत नाही.

शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे आपल्याकडे अनेक जण प्राप्तिकराचं विवरणपत्रच भरत नाहीत. व्हिसासाठी तीन वर्षांची विवरणपत्रं जोडलेली चांगली. शेतीचं उत्पन्न ५ हजारांच्या वर असेल तर विवरणपत्राचा आयटीआर-१ हा नमुना चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो, धंदाही असेल तर आयटीआर-३. कर शून्य निघाला तरी ते उत्पन्न सरकारी कागदावर येतं, आणि तेच हवं असतं. पुढल्या तीन-चार वर्षांत कधी जायचा विचार असेल तर या वर्षापासूनच भरायला लागा.

जमिनीसाठी सातबारा आणि आठ-अ. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा प्रत्येकी १५ रुपयांत मिळतो, तलाठ्याकडे जायला नको. तो मराठीत असतो, तेव्हा अनुवादकाकडून इंग्रजी भाषांतर करून मूळ प्रतीला जोडायचं. कोकणातला सातबारा म्हणजे सामाईक, आजोबांपासूनची वीस नावं त्यावर. अशा उताऱ्यात आपलं नाव कुठलं आणि ताबा कुठल्या क्षेत्रावर आहे, हे पत्रात एका वाक्यात सांगा. सातबाऱ्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव यांत फरक असेल (बायकांच्या बाबतीत माहेर-सासरच्या नावामुळे हे हमखास होतं) तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या. या सगळ्या कागदांचा खरा उपयोग उत्पन्न दाखवण्यापेक्षा तुम्ही परत येणार हे पटवण्यासाठी होतो. ज्याची कलमं इथं उभी आहेत तो माणूस परत येतोच.

बाकीचे कागद सर्वांना सारखेच : दहा वर्षांच्या आत दिलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे ३५ बाय ४५ मिलिमीटरचे, सहा महिन्यांच्या आतले फोटो, निदान ३० हजार युरोंचा प्रवासी आरोग्य विमा, विमानाचं आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचं आरक्षण. यातली ‘प्रत्येक रात्र’ महत्त्वाची. एका रात्रीचा पत्ता नसेल तर फाइल तिथंच अडते. रद्द करता येणारी बुकिंगं घ्या, पण अर्जातल्या तारखा, विम्याच्या तारखा आणि तिकिटाच्या तारखा एकमेकींशी जुळल्याच पाहिजेत. विमा परतीच्या विमानाच्या दिवसापर्यंत नव्हे, त्यापुढे दोन-चार दिवस जास्त घ्या. आमच्या दोघांच्या विम्याला साडेतीन हजार लागले. व्हिसाची फी जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे, वर अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा आकार. व्हिसा नाकारला तर यातलं काही परत मिळत नाही.

बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. आम्ही मुंबईला गेलो, आणि तेही पावसाळ्यात. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असतं, घाटात आणि कटिंगमध्ये गाड्या सावकाश चालवतात. कोकणकन्येने रात्री निघून सकाळच्या वेळेला पोचण्याचा हिशेब बाकी महिन्यांत ठीक आहे, जुलै-ऑगस्टमध्ये नाही. एक दिवस आधी पोचा. गणपतीच्या आधीचे आणि नंतरचे दहा-बारा दिवस तर या कामासाठी धरूच नका, परतीचं तिकीटच मिळणार नाही.

ठशांबद्दल एक गोष्ट काजूवाल्यांनी लक्षात ठेवायची. टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी जाते आणि रेषा पुसट होतात. आधारच्या यंत्रावर ज्यांचे ठसे उमटत नाहीत त्यांना इथंही तोच त्रास होतो. तारखेच्या तीन आठवडे आधीपासून काजूला हात लावू नका आणि रोज रात्री बोटांना खोबरेल चोळा. यंत्रावर बोट दाबून धरण्यापेक्षा हलकं, सपाट ठेवलं की ठसा चांगला येतो. एकदा दिलेले ठसे ५९ महिने त्यांच्याकडे राहतात, तोवर पुढच्या अर्जाला पुन्हा द्यावे लागत नाहीत.

केंद्रात प्रत्यक्ष काम अर्ध्या-पाऊण तासाचं. कागद ठरलेल्या क्रमाने मागतात, त्या क्रमानेच लावून न्या. पासपोर्ट कुरियरने मागवायचा असेल तर पत्ता वाडीचा न देता बाजारपेठेतल्या कुणाचा तरी द्या, म्हणजे कुरियरवाल्याला माणूस सापडतो. निर्णयाला नियमाने १५ दिवस, शंका असेल तर ४५ दिवसांपर्यंत. या काळात मनाला चैन नसते. रोज स्थिती तपासून काही हलत नाही, पण तपासल्याशिवाय राहवतही नाही. आमचे पासपोर्ट तीन आठवड्यांच्या आत आले. पाकीट उघडल्यावर नाव, तारखा आणि किती दिवस राहता येईल तो आकडा, हे तिन्ही तिथंच वाचून घ्या.

व्हिसा हातात आल्यावर लगेच आरटीओ. इटलीत गाडी चालवायला आपल्या लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. परिवहनच्या संकेतस्थळावर फॉर्म ४-अ भरायचा, फी १ हजार रुपये, सोबत लायसन्स, पासपोर्ट आणि तिकिटाच्या प्रती. मग ओरोसच्या आरटीओ कार्यालयात मूळ कागद दाखवायचे. परवाना वर्षभर चालतो. व्हिसा आणि निघण्याची तारीख यांत निदान दोन आठवडे मोकळे ठेवा ते यासाठी.

गाडी घ्यावीच का, हा प्रश्न रास्त आहे. सिएनाहून मोन्ताल्चीनोला बस आहे, जवळच्या मोन्तेपुल्च्यानो या वाइनच्या दुसऱ्या गावाला क्यूझी-क्यांच्यानो स्टेशनवरून बस मिळते. गावात पोचण्यापुरती बस पुरते. इस्टेटी मात्र गावापासून तीन ते पंधरा किलोमीटरवर, पांढऱ्या खडीच्या रस्त्यांवर विखुरलेल्या, तिथं बस जात नाही. रविवारी तर बस नसल्यातच जमा. गावात टॅक्सी मोजक्या. चालकासह दिवसभराची गाडी आम्हाला कुणी ३०० युरोंच्या खाली सांगितली नाही. स्वतः चालवायची गाडी दिवसाला ६५ युरोंना पडली. आपोआप गिअरची हवी असेल तर महिनाभर आधी सांगावं लागतं आणि ती महाग असते. भाड्याने घेताना क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं, दुसऱ्याचं चालत नाही.

चालवण्याचा आणि पिण्याचा हिशेब आधी करून ठेवा. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम, आणि लायसन्स तीन वर्षांच्या आतलं असेल तर शून्य. चार वाइनचे चार-चार घोट घेतले की मर्यादा जवळ येते. एका दिवशी एकाने चालवायचं, त्याने प्यायचं नाही किंवा चव घेऊन थुंकायचं. टेबलावर त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, त्यात थुंकणं तिथं अजिबात असभ्य नाही. जाणकार तसंच करतात.

इस्टेटींना ईमेल सहा आठवडे आधी केली. नुसतं ‘यायचंय’ लिहून उत्तर येत नाही. तारीख, पर्यायी तारीख, वेळ, किती जण, इंग्रजीतून माहिती हवी आहे, आणि खाण्याची पथ्यं, एवढं पहिल्याच ईमेलमध्ये लिहा. वाइनसोबत पाव, खारवलेलं मांस आणि पेकोरीनो चीज देतात. कडक शाकाहारी असाल तर पेकोरीनोही विचारून घ्या, त्याचं दूध बहुतेक वेळा प्राण्याच्या पोटातून काढलेल्या रेनेट या विरजणाने विरजवतात. आम्हाला माणशी २५ ते ४५ युरो दर सांगितले गेले, काही ठिकाणी आगाऊ. दिवसाला दोनच इस्टेटी घ्या : एक साडेदहाला, दुसरी साडेतीन-चारला. दुपारी साडेबारा ते अडीच तिथं जेवणाची वेळ, दारं बंद असतात. तिसरी घुसवली तर जीभ बोथट होते, आणि उशीर झाला तर ठरलेली वेळ जाते.

मुंबईहून आखातामार्गे रोम, माणशी ५८ हजार. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमांवर संगणकीय नोंदणीची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. आपले ठसे व्हिसाच्या वेळी घेतलेले असतात, तेव्हा मुख्यतः चेहऱ्याचा फोटो घेतात. रांगेसाठी दोन तास हाताशी ठेवा, उतरल्या उतरल्या गाठायची ट्रेन आरक्षित करू नका. प्रादेशिक ट्रेनचं कागदी तिकीट घेतलं तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, नाहीतर तिकीट असून दंड होतो.

मुक्काम मोन्ताल्चीनोतच, तटबंदीच्या आत केला, ९५ युरो रात्र. हा निर्णय मी कुणालाही करायला सांगेन. दिवसा बसने येणारे लोक संध्याकाळी निघून जातात आणि मग गाव गावकऱ्यांचं होतं. गाडी तटाबाहेर लावायची. तटाच्या आत बहुतेक गल्ल्या मर्यादित वाहतुकीच्या, कॅमेऱ्याखालच्या असतात. लाल वर्तुळाची पांढरी पाटी ओलांडली की दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते, आणि गाडी देणारी कंपनी तुमचा पत्ता कळवण्याचे वेगळे पैसे कापते. गाडी लावायला निळ्या पट्ट्यांत पैसे भरून, पांढऱ्यात फुकट, पिवळ्या तिथल्या रहिवाशांच्या. मुक्कामावरचा स्थानिक कर वेगळा, बरेचदा रोख, तेव्हा सुटे युरो जवळ हवेत.

गावाच्या टोकाला १३६१ साली बांधलेला किल्ला आहे. १५५५ मध्ये सिएना पडलं तेव्हा तिथले स्वातंत्र्यवादी लोक इथं आले आणि चार वर्षं, १५५९ पर्यंत, आपलं प्रजासत्ताक त्यांनी या डोंगरावर चालवलं. ज्यांनी विजयदुर्ग, सिंधुदुर्ग लहानपणापासून पाहिलेत त्यांना या तटावर उभं राहिल्यावर वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वर चढायला थोडं तिकीट आहे. सकाळी जा, धुकं खाली दरीत असतं आणि दक्षिणेला आम्याता डोंगर दिसतो. किल्ल्यातच वाइनचं दुकान आहे, पेल्याच्या हिशेबाने चाखता येतं. गाडी नसलेल्यांना एवढंही पुष्कळ आहे. गावच्या नगरपालिकेच्या भिंतीवर आधीच्या वर्षांच्या पिकाला दर्जाचे किती तारे मिळाले त्याची एकेक चिनी मातीची फरशी बसवलेली आहे. चाखायला जाण्यापूर्वी ती ओळ वाचून गेलं तर इस्टेटीवर प्रश्न विचारायला सोपं जातं.

पहिल्या इस्टेटीवर आधी मळा दाखवला. ब्रुनेल्लो शंभर टक्के साँजोवेझे या एकाच जातीच्या द्राक्षांची, हेक्टरी जास्तीत जास्त ८ टन. जास्त पिकवलं तर ब्रुनेल्लो हे नाव लावता येत नाही. मग तळघर. दारातूनच आंबणाऱ्या रसाचा वास नाकात शिरतो. आत ओक लाकडाची प्रचंड पिंपं, काही माणसाच्या दुप्पट उंचीची. कायद्याने निदान दोन वर्षं लाकडात आणि चार महिने बाटलीत, आणि तोडणीच्या वर्षानंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीला विक्री. रिझेर्वा, म्हणजे जास्त मुरवलेली ब्रुनेल्लो, आणखी वर्षभर उशिरा. एवढं थांबतात त्याचं कारण साँजोवेझेच्या सालीतलं टॅनिन हे तुरट द्रव्य. काजूच्या कच्च्या बोंडूने जसा घसा धरतो, तशीच कोवळी ब्रुनेल्लो जीभ आणि हिरड्या धरते. लाकडातून अगदी थोडी हवा झिरपते आणि हा तुरटपणा मऊ होतो. पण त्याच लाकडातून वाइन उडूनही जाते. पिंपात वर पोकळी राहिली तर तिथं हवा साठून वाइन आंबट होते, म्हणून ठरावीक दिवसांनी तीच वाइन घालून पिंप काठोकाठ भरतात. आमच्यासमोर एक बाई शिडीवर चढून, वरचं काचेचं बूच काढून, हातातल्या झारीतून भरत होत्या. बूच लावल्यावर कडेला सांडलेला थेंब त्यांनी फडक्याने पुसला, कारण त्या थेंबावरच चिलटं येतात आणि तिथूनच वाइन बिघडायला लागते.

चाखण्याचा क्रम हलक्याकडून जडाकडे : आधी रोस्सो दी मोन्ताल्चीनो (हीही साँजोवेझेचीच, पण तोडणीनंतरच्या वर्षी १ सप्टेंबरपासून विकता येते), मग ब्रुनेल्लो, शेवटी रिझेर्वा. अत्तर लावून जाऊ नका, स्वतःचाच नाही तर शेजाऱ्याचाही वास बिघडतो. विकत घेण्याची सक्ती कुठंही नव्हती. छोट्या ठिकाणी दोन बाटल्या घेतल्या तर चाखण्याचे पैसे वजा केले.

बाटलीच्या मानेवर सरकारी कागदी पट्टी असते, प्रत्येकीवर वेगळा क्रमांक. २००८ मध्ये काही जणांनी दुसऱ्या जातीची द्राक्षं मिसळल्याच्या संशयावरून इथं मोठी चौकशी झाली, तरीही पुढे नियम सैल करायला उत्पादकांनी नकार दिला. आपल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि आजही परराज्यातला आंबा देवगडच्या नावाच्या पेटीतून विकला जातो. देवगडात अलीकडे फळावर क्रमांकाचं स्टिकर लावायला सुरुवात झाली आहे, ते काम प्रत्येक बागायतदाराने उचलून धरावं असं मला मनापासून वाटतं.

एक दिवस पिएंझा या गावावरून मोन्तेपुल्च्यानोला गेलो, अंतर चाळीस किलोमीटरच्या आत. वाटेवरची ओर्चा दरी २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मोन्तेपुल्च्यानो आणखी उंच, ६०५ मीटर, आणि रस्ता चढाचा. गुडघे दुखत असतील तर वरपर्यंत जाणारी छोटी बस घ्या. इथली वाइन ‘वीनो नोबिले’, साँजोवेझे निदान ७० टक्के. या गावाची सोय अशी की जुनी तळघरं थेट वाड्यांच्या खाली, गावातच आहेत. पियाझ्झा ग्रान्देवरच्या कोन्तुच्ची वाड्याच्या तळघरात पायीच जाता येतं. ज्यांना गाडी चालवायची नाही त्यांनी मोन्ताल्चीनोऐवजी इथं मुक्काम करावा, हे माझं स्पष्ट मत.

बाटल्या घरी पाठवण्याच्या भानगडीत पडू नका, भारतातलं आयात शुल्क बाटलीच्या किमतीवर जातं. माणशी २ लिटर विनाशुल्क आणता येतात, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. तिसरीने २५० मिलिलिटर जास्त होतात. बाटल्या हातातल्या बॅगेत चालत नाहीत, कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मध्यभागी ठेवा आणि प्रत्येक बाटलीला वेगळी प्लास्टिकची पिशवी. बिलं पाकिटात ठेवा, विचारलं तर दाखवता येतात.

परत आल्यावर बोर्डिंग पास, हॉटेलची बिलं आणि व्हिसाच्या पानाची प्रत एका फाइलीत लावली. भारतीयांसाठी एप्रिल २०२४ मध्ये नियम बदलला आहे : तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरलेले असले तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक वेळा ये-जा करण्याचा मिळू शकतो. दुसऱ्या अर्जाला हीच फाइल पुढे करायची आहे, आणि सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतरही त्यातच ठेवलं आहे.